सिनेमाच्या रिळांवर जगलेली शीट फिल्म

मोठ्या कॅमेऱ्यात रोलऐवजी फिल्मचा सुटा ताव घालतात आणि एका तावावर एकच फोटो निघतो; हीच शीट फिल्म. तिचा फोर बाय फाइव्ह इंची एक ताव म्हणजे वीस चौरस इंच. एट बाय टेनचा ताव ऐंशी चौरस इंचांचा, आणि ३५ मिलिमीटरच्या छत्तीस फोटोंच्या अख्ख्या रोललाही जवळपास तेवढीच फिल्म लागते. छत्तीस फोटोंचा माल एकाच फोटोवर खर्च होतो, म्हणून मोठी फिल्म महागच असणार. पण हा हिशेब गेल्या शंभर वर्षांत बदललेला नाही. तरीही गेल्या वीस वर्षांत तिचे भाव भडकले आणि एकेक प्रकार बाजारातून नाहीसा झाला.

दोष बहुतेक वेळा चांदीला दिला जातो. फिल्मवरच्या प्रकाश टिपणाऱ्या लेपात, म्हणजे इमल्शनमध्ये, चांदीचे क्षार असतात, त्यामुळे त्यात तथ्य आहेच. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली तेव्हा फिल्मही महागली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने तो आकडा पुन्हा ओलांडला. पण १९८० मध्ये दुकानातली फिल्म संपली नव्हती. चांदीने भाव वाढतो, माल नाहीसा होत नाही. माझ्या मते खरं कारण कारखान्यातल्या कोटिंगच्या यंत्रात आहे.

इमल्शनचा लेप देणारं यंत्र तावांसाठी बनलेलंच नाही. मीटरभराहून रुंद आणि हजारो फूट लांब पट्टा पूर्ण अंधारात त्यातून धावतो, त्यावर एकावर एक थर बसतात आणि कापाकापी नंतर होते. त्यात शीट फिल्मची एक वेगळी गरज असते. कॅमेऱ्यात ताव धरणाऱ्या चौकटीत, म्हणजे होल्डरमध्ये, ती सपाट राहावी म्हणून तिचा पाया जाड पॉलिएस्टरचा, सुमारे ०.१८ मिलिमीटरचा लागतो, तर रोलचा पाया पातळ असतो. म्हणजे रोलसाठी लेप दिलेली फिल्म कापून ताव करता येत नाहीत, तावांसाठी यंत्र वेगळं लावावं लागतं. एकदा लावलं की इतका माल निघतो की आजच्या मूठभर गिऱ्हाइकांना तो संपवायला फार काळ लागावा, आणि फिल्मला तर मुदत असते. हे परवडतं ते यंत्र बाकीचे दिवस दुसऱ्या कुणासाठी तरी धावत असेल तरच.

ते दुसरं गिऱ्हाईक होतं सिनेमा. प्रोजेक्टरमधून मिनिटाला ९० फूट फिल्म जाते, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाची एक प्रिंट साडेतेरा हजार फुटांची. अशा शेकडो प्रिंट निघायच्या आणि रिळांच्या पेट्या तालुक्याच्या टॉकीजपर्यंत पोचायच्या. २००६ मध्ये कोडॅकने सिनेमाची १२४० कोटी फूट फिल्म विकली होती. २०१४ चा अंदाज होता सुमारे ४५ कोटी फूट. आठ वर्षांत ९६ टक्के घट! टॉकीजमध्ये डिजिटल प्रोजेक्टर बसले आणि ज्या धंद्याच्या जिवावर कोटिंगचा खर्च निघत होता, तो धंदाच आटला. फूजीने तर २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं.

दुसरा आधार छपाईचा. छपाईसाठी मजकूर-चित्रांचे फोटो घेणारा प्रोसेस कॅमेरा आणि त्यात लागणारी निव्वळ काळं-पांढरं टिपणारी लिथ फिल्म हा प्रेसचा रोजचा खुराक होता (दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी ब्लॉकमेकिंगच्या, म्हणजे चित्रांचे छपाईचे ठसे बनवण्याच्याच धंद्यात होते). जाहिराती, कॅलेंडरं, मासिकांची मुखपृष्ठं यांना मोठी ट्रान्स्परन्सी, म्हणजे तावावरची पारदर्शक रंगीत स्लाइड, हवी असे. डिजिटल कॅमेरे आले, संगणकावरून थेट प्लेट निघू लागली, आणि स्टुडिओंची ही मागणी काही वर्षांतच विरली.

मग पडझड सुरू झाली. २००४ मध्ये इंग्लंडची इल्फर्ड ही फिल्म कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेली; तिथल्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेऊन वाचवली. २००५ मध्ये जर्मनीची आग्फाफोटो बुडाली. २००७ मध्ये कोडॅकने अमेरिकेत रॉचेस्टरमधल्या आपल्या काही इमारती सुरुंग लावून पाडल्या. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मार्चमध्ये स्लाइड फिल्म बंद केल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता. 'इंदू' नावाने तिथे एक्स-रेची, सिनेमाची, छपाईची फिल्म बनत असे. तो कारखानाही बंद पडला.

मला सगळ्यात जास्त लागलं ते फूजीच्या अ‍ॅक्रॉसचं जाणं. एक्स्पोजर लांबलं की फिल्म मंदावते आणि हिशेबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो; दोन मिनिटांपर्यंत ही दुरुस्ती करावी लागत नाही, अशी ती कृष्णधवल फिल्म होती. भिंगाचं तोंड बारीक करून, संध्याकाळच्या उजेडात काम करणाऱ्यासाठी हे केवढं मोठं सुख! २०१८ मध्ये ती थांबली. २०१९ मध्ये नव्या रूपात परत आली, पण फक्त रोलमध्ये. ताव आले नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेत फूजीचीच रंगीत स्लाइड फिल्म व्हेल्विया १०० बंद झाली, पण ती मागणीअभावी नव्हे. पर्यावरण खात्याने निर्बंध घातलेलं एक रसायन तिच्यात अत्यल्प प्रमाणात होतं. खप मोठा असता तर ते बदलायला संशोधनाचा खर्च करणं परवडलं असतं, असं मला वाटतं.

काही प्रमाणात उलट वाराही वाहिला. कोडॅकची एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१८ मध्ये परतली आणि २०१९ च्या अखेरीला तावांतही आली. तरुण मंडळी रोलकडे वळल्याने कारखान्याला काम मिळालं. पण आता बराचसा भार फोटोच्या फिल्मवर आला आहे, त्यामुळे २०२० पासून भाव पुन्हा पुन्हा वाढत गेले. इल्फर्ड चालवणारी हार्मन कंपनी अकरा बाय चौदासारख्या अवाढव्य मापांसाठी वर्षातून एकदा दुकानदारांमार्फत मागणी गोळा करते आणि तेवढ्यापुरतीच कापणी करते. तेवढी संधी हुकली की पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं.

ज्यांना हे परवडत नाही ते एक्स-रेची फिल्म कापून वापरतात. ती स्वस्त असते, एट बाय टेनमध्ये आयती मिळते, आणि तिला लाल रंग दिसत नसल्यामुळे लाल दिव्यात डोळ्यांदेखत डेव्हलप करता येते. दोन्ही बाजूंना इमल्शन असल्याने ओरखडे पटकन पडतात, एवढं सांभाळावं लागतं. पण तिचंही खरं गिऱ्हाईक दवाखाने आहेत, आणि तिथे आता एक्स-रे संगणकाच्या पडद्यावर पाहिला जातो.