लाँग रायफल (अमेरिकन)

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर व आसपासच्या काउंट्यांत स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी विकसित केलेली, तोंडाकडून भरायची चकमकीची लांब रायफल. ‘केंटकी रायफल’ हे नाव १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर एका लोकप्रिय गाण्यामुळे रूढ झाले. तिचे मूळ जर्मन ‘येगर’ (शिकारी) रायफलीत आहे. येगरची नळी आखूड व भोक मोठे असे. अमेरिकेत नळी साधारण ४२ ते ४६ इंच लांब झाली आणि भोक अर्ध्या इंचाच्या आसपास आले. लहान गोळीला शिसे आणि दारू कमी लागते, हे जंगलात आठवडेच्या आठवडे राहणाऱ्या शिकाऱ्याच्या सोयीचे होते. शिवाय नेम धरायची मागची खाच आणि पुढची माशी यांतले अंतर वाढल्याने नेम धरण्यातली चूक घटली.

संग्राहकांचे लक्ष आधी दस्त्यावरील पितळी नक्षीकडे जाते. खरे कसब मात्र नळीच्या आत आहे. घडीव लोखंडाची जाड पट्टी सळईभोवती वळवून, टाकणखार टाकून, एका तावात जेमतेम काही इंच अशी ती सांधत नेत. सळई वेळीच काढली नाही तर ती नळीत अडकते. सांध्यात मळी राहिली तर नळी तिथेच फाटण्याचा धोका. मग एकापेक्षा एक मोठ्या छिद्रकांनी भोक वाढवून, बाहेरून घासून नळी अष्टकोनी करीत. सरळपणा तपासायला आतून ताणलेला दोरा धरत: दोरा आणि भिंत यांत कुठे फट दिसली, की तिथे नळी वाकलेली, आणि ती हातोड्याच्या ठोक्याने सरळ करायची.

आतले चर पाडायला मळसूत्री खाचांचा लाकडी लाट (लांब दंडगोल) वापरत. लाट पुढेमागे ओढला की त्याच्या दांड्याच्या टोकाचे छोटे दातेरी पाते फिरत फिरत लोखंड खरवडते. प्रत्येक फेरीत निघतो तो अगदी बारीक कीस. पाते कापेनासे झाले की त्याखाली कागदाची पट्टी घालून ते किंचित उचलायचे. चर बहुधा सात असत, आणि साधारण ४८ इंचांत एक वेढा. म्हणजे ४४ इंची नळीत वेढा पुरा होतही नाही. गोळी चरबी लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळून गजाने बसवत; कापड चरांत घट्ट बसून गोळीला फिरकी देई.

चाप-घोड्याचा संच पुष्कळदा इंग्लंडहून आलेला असे. गार (चकमकीचा दगड) ज्या पोलादी झडपेवर आपटते तिला नीट पाणी दिलेले नसेल तर ठिणगी पडत नाही आणि रंजक (बार पेटवणारी बारीक दारू) पेटत नाही.

दस्ता लहरदार रेषांच्या मेपलचा. नत्राम्लात लोखंड विरघळवून ते लाकडावर लावून तापवले की लहरी गडद तांबूस उठतात. त्यावर जवसाचे तेल. दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे चापामागच्या बारीक भागात, लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने नसतील तर दस्ता हमखास तिथे मोडतो. गजाचे भोक पाडताना लांब गिरमिट भरकटून नळीच्या खाचेत घुसे, आणि तोवर झालेली मेहनत वाया जाई. चकत्या ठेवायच्या पितळी झाकणाच्या आकारावरून घराणे ओळखता येते: डेझी फुलाचे टोक लँकेस्टरचे. तिथला जेकब डिकर्ट आणि क्रिश्चन्स स्प्रिंगच्या मोरेव्हियन (एक ख्रिस्ती पंथ) वस्तीतला आंद्रेआस आल्ब्रेख्त हे नावाजलेले कारागीर. १९६० च्या दशकात वॉलेस गसलर यांनी व्हर्जिनियातील कलोनियल विल्यम्सबर्ग या जिवंत संग्रहालयात जुन्याच अवजारांनी अशी रायफल पुन्हा घडवली.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ती किंग्ज माउंटनच्या लढाईत (१७८०) गाजली, पण भरायला वेळ लागे आणि संगीन बसत नसे.

जुना नमुना पारखताना दोन फेरफार नेहमी आढळतात. चर झिजले की ते पुन्हा खोल करत, त्यामुळे आजचे भोक मूळचे असेलच असे नाही. दुसरे म्हणजे, टोपीच्या चापावर (गारेऐवजी स्फोटक टोपीने पेटणाऱ्या) बदललेली रायफल पुढे किंमत वाढावी म्हणून पुन्हा चकमकीची केलेली असते. कानाभोवतीचे (नळीत ठिणगी जाण्याच्या छिद्राभोवतीचे) लोखंड व लाकूड बारकाईने पाहावे. लाकडाची जुनी झिलई घासून काढू नये. आणि सर्वांत आधी नळीत दांडी सोडून आत गेलेली लांबी बाहेरून ताडून पाहावी: कानाच्या पुढेच दांडी अडली, तर जुना बार आत असू शकतो.