लोडर उचलेना? आधी घड्याळ काढा, मग पाना

गोव्यात कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) शेणखत ओढायचे, खाजनाच्या (खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या) खचलेल्या बांधावर माती टाकायची, घराच्या कामावर जांभ्याचे चिरे हलवायचे, तर २५-३० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या पुढ्यात बसवलेला लोडर चार माणसांचे काम करतो. तोच लोडर एके दिवशी भरलेली बकेट गुडघाभर उचलतो आणि तिथेच थांबतो. मग ठरलेले निदान कानावर येते : ‘पात्राव (मालक), पंप गेलो.’ नवा पंप येतो, खिसा हलका होतो आणि बकेट पुन्हा गुडघ्यावरच अडते.

पंप हा या यंत्रणेतला महागडा भाग. म्हणूनच त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

गिअर पंप दाब तयार करत नाही. तो फक्त तेल पुढे ढकलतो. त्या तेलाला वाटेत जेवढा अडथळा होतो तेवढा दाब चढतो. रिकामी बकेट उचलताना दाब कमी, ओल्या चिखलाने भरलेली उचलताना जास्त. म्हणून ‘लोडर हळू चालतो’ आणि ‘लोडर उचलत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्यात तेल कमी पोचते, दुसऱ्यात दाब टिकत नाही. पहिली घड्याळाने मोजता येते, दुसरी गेजने.

लोडरचा हात, म्हणजे बूम, उचलणारे दोन जॅक आतून ५० मिलिमीटर व्यासाचे आणि ४०० मिलिमीटर चालीचे आहेत असे समजू. एका जॅकला पूर्ण उघडायला सुमारे ७८५ मिलिलिटर तेल लागते, दोघांना मिळून दीड लिटरला थोडे वर. पंप मिनिटाला २० लिटर तेल देत असेल, तर रिकामी बूम जमिनीपासून पूर्ण वर जायला पाच सेकंदांच्या आसपास लागायला हवेत. इंजिन पंपाच्या नेमून दिलेल्या फेऱ्यांवर ठेवा, मोबाइलचे स्टॉपवॉच लावा आणि तीनदा मोजा. दहा सेकंद लागले तर निम्मे तेल कुठेतरी वाट चुकते आहे. आपल्या जॅकचे माप आणि पंपाचा प्रवाह मॅन्युअलमध्ये असतो. लोडर नवा असतानाच ही वेळ बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवली, तर पुढे निदानाचे अर्धे काम झालेले असते.

आता तेलाची वाट पाहू. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत लोडरला वेगळी टाकी नसते. गिअरबॉक्सच्या हौसिंगमधलेच तेल गाळणीतून पंपात जाते, तिथून लोडरच्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये, तिथून मागची अवजारे उचलणाऱ्या लिफ्टला आणि परत हौसिंगमध्ये. ही साखळी डोक्यात असली की एकही नट न सोडता बरेच काही कळते. लोडर आणि लिफ्ट दोन्ही गप्प असतील, तर तेल कमी आहे, गाळणी तुंबली आहे, रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेबाहेर गेला की तेल परत सोडणारा) उघडा अडकला आहे किंवा पंप फिरवणारी कपलिंग तुटली आहे. लिफ्ट ठणठणीत आणि लोडर बंद असेल, तर पंपाला हातही लावू नका. दोष लोडरच्या व्हॉल्व्हपासून पुढे आहे. लोडर चालतो पण लिफ्ट उठत नाही, ही तक्रार बहुधा लोडर नव्याने बसवल्यावर येते. लिफ्टकडे जाणारी लाइन आणि हौसिंगकडे परतणारी लाइन यांची अदलाबदल झालेली असते. (काही मॉडेलांत लिफ्टला स्वतंत्र पंप असतो. तिथे हा हिशेब चालत नाही.)

तेलाची पातळी मोजण्यात नेहमी एक चूक होते. बूम वर असताना डिपस्टिक पाहिली तर जॅकमध्ये गेलेले जास्तीचे तेल मोजणीतून निसटते, पातळी कमी दिसते आणि वरून भर पडते. मग बूम खाली आणली की ते तेल ब्रीदरमधून, म्हणजे हौसिंगच्या हवा ये-जा करायच्या तोंडातून, बाहेर येते. ट्रॅक्टर सपाट जागी, बूम आणि लिफ्ट खाली, जॅक बंद, इंजिन बंद, मगच डिपस्टिक. उलट चूकही होते. पातळी जेमतेम असताना ट्रॅक्टर सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या चढावर उभा राहिला, की तेल एका बाजूला सरते आणि गाळणीचे तोंड उघडे पडते. सपाटीवर नीट चालणारा लोडर चढावर दगा देत असेल, तर बाकी काही करण्याआधी पातळी बघा.

डिपस्टिक हातात आहेच, तर तेलाचा रंगही पाहा. दुधी तेल म्हणजे आत पाणी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या हौसिंगमध्ये ब्रीदरमधून दमट हवा ये-जा करते आणि रात्री आतल्या भिंतींवर तिचे पाणी होते. खाजनात चाके निम्मी बुडेपर्यंत काम केले असेल, तर सीलमधूनही पाणी शिरते, तेही खारट. शंका असली तर तापलेल्या तव्यावर तेलाचा एकच छोटा थेंब टाका. पाणी असेल तर तो तडतडतो. पण दुधी दिसणारे तेल तासभर उभे ठेवल्यावर तळापासून वर स्वच्छ होत गेले आणि बुडबुडे फुटून गेले, तर ते पाणी नव्हे, हवा आहे. हवा सक्शनच्या बाजूने, म्हणजे हौसिंगमधून पंपाकडे येणाऱ्या वाटेवर, शिरते.

सक्शनची बाजू फसवी असते. पंप तेल ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो फक्त जागा मोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब तेलाला आत ढकलतो. हा दाब जेमतेम एक बार आहे. गाळणी थोडी तुंबली, सक्शनचा पाइप मऊ पडून आत दबला, की तेवढा जोर पुरत नाही आणि पंप कर्कश किंचाळू लागतो. क्लॅम्प सैल असेल तर आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो आणि बूम झटके देत चढते. गंमत म्हणजे इंजिन चालू असताना या जोडातून तेलाचा थेंबही गळत नाही, कारण तिथे आत ओढ असते. म्हणून तो सापडत नाही. इंजिन चालू ठेवून संशयित जोडावर ग्रीसचा जाड थर लावा. आवाज बदलला, तर जोड सापडला.

थंड आणि गरम यंत्रातला फरक फार काही सांगून जातो. सकाळी पहिली दहा मिनिटे कुरकुर आणि मग लोडर सुरळीत, असे असेल तर सक्शन तपासा. घट्ट तेल गाळणीतून जात नाही, पातळ झाले की जाते. सकाळी झकास आणि तासाभराने लोडर मरगळतो, तर ती आतली गळती. गरम होऊन पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून, व्हॉल्व्हमधून किंवा सीलमधून मागच्या मागे सटकते. गोव्यातली सकाळ क्वचितच एवढी गार असते, त्यामुळे पहिले लक्षण इथे दबून राहते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे सत्तरी-सांगेकडे ऐकलेली कुरकुर म्हणूनच दुर्लक्षू नये.

पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट मात्र चुकवू नका. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर चारही दिशांना दोन-तीनदा हलवून अडकलेला दाब सोडा. बूम वर ठेवूनच काम करणे भाग असेल, तर जॅकच्या रॉडवर बसणारा लोखंडी कोन अडवण म्हणून लावा. चिऱ्यांची थप्पी टेकू म्हणून लावू नका. चिरा एका ठोक्यात फुटतो. होजमधली सुईएवढी गळती बोटाने कधीही चाचपू नका, पुठ्ठा धरा. या दाबाने सुटलेली तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, जखम मुंगी चावल्यासारखी दिसते आणि वेदना काही तासांनी सुरू होते. अशी जखम झाल्यास १०८ लावा किंवा थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला न्या आणि ‘हायड्रॉलिक तेल कातडीत शिरले आहे’ असे स्पष्ट सांगा. तिथे शस्त्रक्रियाच लागू शकते. मलमपट्टी करून घरी परतण्याची ही जखम नाही.

दाब मोजायला शून्य ते २५० बारचा ग्लिसरीन भरलेला गेज आणि योग्य मापाचा टी-जोड पुरतो. गेज व्हॉल्व्हच्या दाबाच्या लाइनवर लावा, तेल हाताला चांगले गरम लागेपर्यंत काम करून घ्या, मग बकेट पूर्ण मागे वळवून टोकाला लिव्हर तीन ते पाच सेकंद धरा आणि आकडा वाचा. बूम वर नेऊन ही चाचणी करू नये. मॅन्युअलमध्ये १५० बार लिहिले असेल आणि गेज ९० दाखवत असेल, तर इंजिनाच्या फेऱ्या वाढवून पुन्हा पाहा. फेऱ्यांबरोबर दाबही चढत गेला, तर बहुधा पंप झिजला आहे, तो गळतीपेक्षा जास्त तेल देऊन वेळ मारून नेतो. फेऱ्या कितीही वाढवल्या तरी काटा ९० वरच चिकटून राहिला, तर रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो आहे.

रिलीफ व्हॉल्व्ह उघडला की आत छोटासा शंकू, स्प्रिंग आणि शंकू टेकायची गोल बैठक दिसते. पुष्कळदा त्या शंकूच्या कडेला केसाएवढा पांढरा धागा अडकलेला असतो. ही जोडांवर गुंडाळलेली नळकामाची टेफ्लॉन टेप. तिचा तुकडा सुटतो, तेलाबरोबर फिरतो आणि शंकू पूर्ण बसू देत नाही. एवढ्याशा धाग्यासाठी पंप बदलले गेले आहेत. हायड्रॉलिकच्या जोडांना ओ-रिंग किंवा डॉवटी (रबराची कड असलेला) वॉशर असतो, टेप लागत नाही. साफ करण्याआधी समायोजनाचा स्क्रू किती आटे बाहेर आहे ते मोजून लिहा आणि परत तेवढाच बसवा. ताकद वाढावी म्हणून तो जास्त आवळणे म्हणजे होज, सील आणि बूमच्या वेल्डिंगवर उधारी चढवणे.

एकच हालचाल अडली असेल, बूम उठते पण खाली येत नाही किंवा बकेट एकाच बाजूला वळते, तर आधी होज झटपट जोडायचा-काढायचा क्विक कपलर पाहा. तो अर्धवट बसला की आतला बॉल वाट बंद करतो. यात धोकाही आहे. वरच्या उदाहरणातल्या जॅकचा रॉड ३० मिलिमीटरचा धरला, तर पिस्टनच्या एका बाजूचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर आणि रॉडच्या बाजूचे १२.६. रॉडच्या बाजूची वाट बंद असताना मागून १५० बार लावले, तर कोंडलेल्या तेलात २३४ बारपर्यंत दाब चढतो. सील फुटते ते असे. कपलर ठीक असेल, तर होजचे आतले अस्तर सुटून पडद्यासारखे आडवे आले आहे का, ते पाहा. बाहेरून असा होज नवाकोरा दिसतो.

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो आपोआप खाली येणाऱ्या बूमबद्दल. ‘जॅकचे सील गेले’ हे त्याचे सर्वमान्य उत्तर. पण जरा हिशेब करा. बूमच्या वजनाने रॉड जॅकच्या आत शिरू पाहतो. पिस्टनचे सील पार फाटले, तरी दोन्ही तोंडे व्हॉल्व्हने घट्ट बंद असतील, तर आत येणाऱ्या रॉडला जागा कोण देणार? तेल दाबून लहान होत नाही. ते एका बाजूकडून दुसरीकडे जाईल, पण जॅकच्या बाहेर पडल्याशिवाय रॉड आत जाणार नाही. म्हणजे बूम खाली येते तेव्हा तेल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (लिव्हरने सरकणाऱ्या दांड्याच्या फटीतून) किंवा बाहेर कुठेतरी गळते आहेच. फाटलेले सील त्याला हातभार लावते, कारण सगळा भार आता रॉडच्या ७ चौरस सेंटिमीटरवर येतो आणि ४० बारचा दाब ११० च्या वर जातो. स्पूल आणि व्हॉल्व्हची बॉडी यांच्यात काही मायक्रॉनची फट मुळातच असते, त्यामुळे नवा लोडरही रात्रभरात थोडा खाली बसतो. जांभ्याच्या तांबड्या धुळीने ती फट घासून मोठी केली की तोच दहा मिनिटांत वीतभर येतो.

बकेटचे मात्र उलटे. बहुतेक लोडरांत बकेट पुढे झुकते तेव्हा रॉड बाहेर येतो, म्हणजे जॅकमध्ये जागा वाढते. तिथे फाटलेले सील एकटेच बकेट ओतू शकते. खात्री करायची, तर बकेट पूर्ण मागे वळवून जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून दाब सोडा, जॅकच्या मागच्या तोंडाचा होज काढून त्याला स्टीलचा प्लग लावा, तोंडाखाली भांडे ठेवा आणि इंजिन हळू चालवून मागे वळवायची लिव्हर धरा. जवळ उभे राहू नका. चार थेंब आले तर सील चांगले आहे, धार लागली तर नवे घाला. आणखी एक छोटी खूण आहे. उचलायची लिव्हर ओढताच बूम आधी बोटभर खाली येते आणि मग चढते, तेव्हा व्हॉल्व्हमधला लोड चेक व्हॉल्व्ह (भाराने तेल मागे फिरू न देणारा) घाणीने उघडा राहतो आहे. आणि लिव्हर पुढे ढकलून फ्लोटच्या (बूम मोकळी सोडण्याच्या) खाचेत अडकली असेल, तर बूम पडणारच, तो बिघाड नव्हे.

सील बदलताना जुन्या सीलचे माप घेऊ नये. ते तेलाने फुगलेले असते. खाच मोजावी. पॉलियुरेथेनचे नवे सील गरम पाण्यात पाच मिनिटे ठेवले की हाताने बसते, स्क्रूड्रायव्हर लागत नाही. ओठ दाबाच्या बाजूला, पुसणाऱ्या वायपरचा ओठ बाहेर. पण रॉडवर नख फिरवल्यावर ते अडकत असेल, तर नवे सीलही महिना काढणार नाही. क्रोमचा थर केसाहून पातळ असतो आणि खारी हवा त्याला टिपके पाडते. उथळ ओरखडा तेलात भिजवलेल्या ८०० नंबरच्या कागदाने उतरतो, खोल खड्ड्याला पुन्हा क्रोमच हवे. पावसाळ्यात ट्रॅक्टर लावून ठेवताना बूम खाली ठेवून जॅक शक्य तेवढे बंद करावेत आणि बाहेर राहिलेल्या रॉडवर ग्रीस फासावे.

काम संपले की प्रत्येक जॅक कमी फेऱ्यांवर, रिकाम्या बकेटने, टोकापासून टोकापर्यंत आठ-दहा वेळा चालवून हवा काढावी. मग बूम खाली, इंजिन बंद, पुन्हा डिपस्टिक, आणि स्टॉपवॉच लावून त्या पाच सेकंदांची पुन्हा एकदा मोजणी.