गोलकृमींतील मेद-चयापचयाचे चेतानियंत्रण

सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या सुमारे 1 मिलिमीटर लांबीच्या पारदर्शक गोलकृमीच्या शरीरात मेद किती साठवायचा आणि किती जाळायचा, हे बऱ्याच अंशी चेतासंस्था ठरवते. ठाणे-नवी मुंबईतील पालकांना ‘जंत’ म्हटले की शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी आठवते. हा कृमी त्या जंतांच्याच प्राणिसंघातला असला, तरी परजीवी नाही. कुजणाऱ्या फळांवरील व पालापाचोळ्यातील जीवाणूंवर तो जगतो. वाशीच्या फळबाजारातील सडक्या फळांचा ढीग त्याला मानवला असता, तिथला उन्हाळा मात्र नाही, कारण प्रयोगशाळेत तो साधारणपणे 20 अंश सेल्सिअसला वाढवतात.

या प्राण्यात स्वतंत्र मेदपेशी नसतात. आतड्याच्या 20 पेशींत आणि अधस्त्वचेत मेदाचे थेंब साठतात, त्यामुळे पचन, साठवण आणि ज्वलन ही तिन्ही कामे आतड्याकडेच येतात. प्रौढ उभयलिंगी कृमीत चेतापेशी अवघ्या 302 असून त्यांच्या जोडण्यांचा नकाशा 1986 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच मेदावर परिणाम करणारा संदेश नेमका कोणत्या पेशीतून निघतो, हे येथे शोधता येते.

चेतापेशींचे निरोप वाहणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. सेरोटोनिन वाढले की कृमीची ग्रसनी (अन्न आत ओढणारा घसा) अधिक वेगाने चालते, म्हणजे तो जास्त खातो, आणि तरीही त्याचा मेद घटतो. खाणे आणि मेद जाळणे यांसाठी सेरोटोनिनचे ग्राही (संदेश टिपणारी पेशीवरील प्रथिने) वेगवेगळे असल्याचे 2008 मध्ये दिसून आले. त्यामुळे ‘खाल्ले तेवढे साठले’ हा सरळ हिशेब येथे लागू पडत नाही. चेतापेशींचा हा निरोप आतड्यापर्यंत पोहोचतो कसा, याचा एक महत्त्वाचा दुवा संशोधक सुप्रिया श्रीनिवासन यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवला: डोक्यातील एएसआय चेतापेशी एफएलपी-7 हे पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) स्रवतात, ते आतड्यातील एनपीआर-22 या ग्राहीवर कार्य करते आणि मेद फोडणाऱ्या लायपेज विकराची निर्मिती वाढते.

ऑक्सिजन ओळखणाऱ्या यूआरएक्स चेतापेशीही मेद जाळण्यास चालना देतात, परंतु साठा घटला की त्या मंदावतात. म्हणजे साठ्याकडून चेतापेशींकडे उलटा निरोपही जातो.

जिवंत कृमींना नाईल रेड हा रंग खाऊ घालून केलेली मेदाची जुनी मोजमापे मात्र जपून वाचावीत, कारण त्या पद्धतीत रंग मेदाच्या थेंबांऐवजी लायसोसोमसदृश (पेशीतील टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या) अंगकांत साठतो, हे 2009 मध्ये स्पष्ट झाले.