उजवीकडे म्हणजे कुणाच्या उजवीकडे?

ड्रोन हाती आल्यावरची पहिली दोन मिनिटं झकास जातात. तो समोर जमिनीवर ठेवलेला असतो, शेपटी आपल्याकडे, नाक पलीकडे. रिमोटवरची डावी स्टिक वर केली की तो वर उठतो. उजवी स्टिक पुढे ढकलली की पुढे जातो, उजवीकडे नेली की उजवीकडे जातो. मग कधीतरी तो हवेत फिरतो आणि आपल्याकडे तोंड करून येऊ लागतो. त्याला लांब पाठवायचं म्हणून माणूस स्टिक पुढे ढकलतो, कारण मघापर्यंत ‘पुढे’ म्हणजे लांबच होतं. आता मात्र ड्रोनच्या पुढे आपणच उभे असतो. तो आणखी जोरात येतो, घाबरून स्टिक आणखी ढकलली जाते आणि मग एखादा पंखा तरी मोडतोच.

यात बोटं कमी पडलेली नसतात. गोंधळ झालेला असतो तो ‘उजवीकडे’ आणि ‘पुढे’ म्हणजे कुणाच्या, याचा. स्टिकच्या दिशा ड्रोनच्या अंगाला बांधलेल्या असतात, आपल्या नव्हे. शाळेतले पीटीचे सर मुलांकडे तोंड करून उभे राहतात आणि ‘उजवा हात वर’ म्हणताना स्वतःचा डावा वर करतात, म्हणजे मुलांना नुसतं बघून तसंच करता येतं. ड्रोन अशी सोय करत नाही. त्याचं नाक आपल्याकडे असताना उजवी स्टिक उजवीकडे नेली तर तो आपल्या डावीकडे जातो. नाक आपल्या उजव्या हाताला असेल तर ‘पुढे’ म्हणजे आपलं उजवीकडे आणि ‘उजवीकडे’ म्हणजे आपल्या दिशेनं. नाक डाव्या हाताला असेल तर ‘पुढे’ म्हणजे डावीकडे आणि ‘उजवीकडे’ म्हणजे आपल्यापासून लांब.

दिसतं एकीकडे आणि हात हलवायचा दुसरीकडे, असं झालं की माणूस अडखळतो. फिट्स आणि सीगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. दिव्यांची मांडणी आणि उत्तर देण्याच्या हालचालींची मांडणी जुळत असेल तर माणसं झटपट आणि बरोबर उत्तर देतात. ती जुळली नाही तर वेळही वाढतो आणि चुकाही.

पुढे १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी ठोकळे जोडून केलेल्या आकृत्यांच्या जोड्या लोकांना दाखवल्या आणि विचारलं, या दोन्ही एकच का? उत्तराला लागणारा वेळ त्या दोन आकृत्यांमधल्या कोनाच्या प्रमाणात वाढत गेला. कोन शून्य असताना साधारण एक सेकंद, तर १८० अंशांना चार सेकंदांच्या वर. डोक्यात ती वस्तू खरोखर फिरवत असल्यासारखा हा आलेख होता. ड्रोनची दिशा ओळखायला एवढा वेळ लागत नाही, कारण तो ठोकळ्यांइतका किचकट नाही. पण सेकंदाला पाच मीटर वेगानं जाणारा ड्रोन आपण एक सेकंद विचारात घालवला तर पाच मीटर पुढे गेलेला असतो. छोट्या मैदानात तेवढ्यात झाड येतं.

आता एक गंमत. नवशिक्याला सर्वात जास्त धास्ती असते नाक आपल्याकडे असण्याची. पण हाताची हालचाल एका दिशेला आणि पडद्यावरचा ठिपका तिच्याशी कोन करून भलत्याच दिशेला, अशा प्रयोगांत माणसं सर्वाधिक चुकतात ती ९० अंशांच्या आसपास. पूर्ण १८० अंशांना त्यामानानं जमतं. कारण सरळ आहे. १८० अंशांना एकच नियम पुरतो : सगळं उलट. ९० अंशांना मात्र आडवं-उभंच बदलून जातं, आणि ड्रोन डावीकडे बघतोय की उजवीकडे यावर नियम पुन्हा बदलतो. नाक डावी-उजवीकडे करून आडव्या असलेल्या ड्रोनला लोक गृहीत धरतात आणि तिथंच फसतात.

डावी स्टिक मात्र इमानी आहे. चार पंख्यांपैकी दोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतात आणि दोन उलट. एका जोडीचा वेग वाढवून दुसरीचा कमी केला की ड्रोन स्वतःभोवती फिरतो. ही स्टिक उजवीकडे नेली की वरून बघणाऱ्याला तो काट्यांच्या दिशेनंच फिरताना दिसणार, नाक कुठंही असो.

एवढं सगळं नाक दिसत असेल तर. पण दिसतं कुठं?

शिकाऊ लोकांत चालणारा टेलोसारखा ८० ग्रॅमचा ड्रोन जेमतेम १० सेंटीमीटर रुंद असतो. ३० मीटरवर गेला की तो डोळ्याशी साधारण ११ कला एवढा कोन करतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. पौर्णिमेचा चंद्र ३० कलांचा असतो, म्हणजे ड्रोन चंद्राच्या तिसऱ्या हिश्शाएवढा झाला. चांगल्या नजरेला साधारण एक कलेपर्यंतचा तपशील वेगळा करता येतो. म्हणजे सगळा ड्रोन मिळून अकरा-बारा ठिपके! त्यात पुढचा दीड सेंटीमीटरचा कॅमेरा दीड-दोन ठिपक्यांत संपतो. शिवाय विमानाला किंवा हेलिकॉप्टरला निदान लांब शेपूट असते. चार हातांचा ड्रोन कोणत्याही बाजूनं बघा, जवळपास तसाच.

रंगानं ओळखू म्हणावं, तर मोकळ्या आकाशासमोर तो काळपट सावलीच होतो. रंग दिसलाच तरी एक अडचण उरते. निळा रंग टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यभागी, साधारण २० कलांच्या पट्ट्यात, नसतातच. एखाद्या वस्तूकडे रोखून बघतो तेव्हा तिची प्रतिमा नेमकी तिथंच पडते. म्हणून इवल्याशा निळ्या ठिपक्याचा निळेपणा हरवतो. निळी पट्टी चिकटवून दिशा ओळखू पाहणाऱ्याचे पैसे वाया. भडक नारिंगी पट्टी मागच्या दोन हातांवर चिकटवली तर काहीतरी उपयोग होतो. तीही पंख्यांवर नको, कारण फिरताना पंख्यांची नुसती धूसर चकती दिसते.

तिसरी अडचण खोलीची. ३० मीटरवरचा ड्रोन तीन मीटर आणखी लांब गेला तर त्याचा कोन फक्त एक कलेनं घटतो. तो येतोय की जातोय हे डोळ्याला कळतच नाही. नोबुयुकी कायाहारा यांची २००३ मधली गिरकी घेणारी नर्तकी अनेकांनी पाहिली असेल. नुसती काळी सावली, त्यामुळे ती कुणाला डावीकडे फिरताना दिसते, कुणाला उजवीकडे. संध्याकाळच्या उजेडातला ड्रोनही तीच फसवणूक करतो. कललेला दिसतो, पण आपल्याकडे कललाय की पलीकडे, हे मेंदू स्वतःच ठरवून टाकतो आणि त्यावर ठाम राहतो.

म्हणून जाणते पायलट दिशा बघून ठरवत नाहीत, ती लक्षात ठेवतात. आत्ता उजवीकडे पाव फेरी वळवला, म्हणजे नाक झाडाकडे. आणखी पाव फेरी, म्हणजे माझ्याकडे. स्वतःच दिलेल्या हुकमांचा हिशोब डोक्यात चालू असतो, डोळे फक्त त्याचा ताळा करून घेतात. मन भलतीकडे गेलं की हिशोब तुटतो. तेव्हा टक लावून बघण्यात अर्थ नाही, ड्रोनलाच विचारावं.

दोन्ही स्टिक सोडा. आजकालचे बरेचसे छोटे ड्रोन स्टिक सोडल्यावर आपली उंची आपणच राखतात. मग उजवी स्टिक किंचित उजवीकडे ढकलून सोडा. ड्रोन आपल्या उजवीकडे सरकला तर शेपटी आपल्याकडे. डावीकडे सरकला तर नाक आपल्याकडे. आडवा सरकलाच नाही, तर तो आडवा उभा आहे. मग स्टिक किंचित पुढे ढकला. ज्या बाजूला तो सरकेल त्या बाजूला त्याचं नाक. दोन धक्क्यांत चारही दिशांचा निकाल लागतो, आणि लागतो तो फक्त डावी-उजवी हालचाल बघून, जी डोळ्याला नीट दिसते. जवळ-लांब ओळखायची गरजच पडत नाही. वारा असेल तर आधी क्षणभर थांबून तो ड्रोनला कुठं ढकलतोय ते बघा, नाहीतर वाऱ्याचंच उत्तर ड्रोनचं समजाल.

यावर कंपन्यांनी काढलेली पळवाट म्हणजे हेडलेस मोड. जमिनीवरून उठताना नाकाची जी दिशा होती ती ड्रोन लक्षात ठेवतो आणि नंतर कितीही फिरला तरी स्टिकचा हुकूम त्या मूळ दिशेनुसार बदलून घेतो. आतली चिप यासाठी जायरोस्कोप वाचते. त्यात सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा कंप पावत असतो. ड्रोन फिरला की कोरिओलिस परिणामामुळे तो तुकडा बाजूला ओढला जातो आणि त्यावरून फिरण्याचा वेग कळतो. त्या वेगांची बेरीज म्हणजे एकूण कोन. बेरजेत चूकही साठते. सेकंदाला अंशाचा दहावा भाग एवढी चूक धरली तरी पाच मिनिटांत ३० अंशांचा फरक पडतो. होकायंत्राची चिप असलेले महागडे ड्रोन ती चूक सुधारत राहतात, पण गच्चीच्या स्लॅबमधल्या सळया आणि शेजारी उभी गाडी त्या चिपला चकवतात. आणि आपण स्वतः चालत ड्रोनच्या पलीकडे गेलो, तर सगळंच उलटं. माझं मत विचाराल तर हा मोड पहिल्या दिवसापासून बंद ठेवावा. त्याची सवय लागली की तो फसतो त्या क्षणी हातात काहीच उरत नाही.

दिव्यांचंही तसंच. विमानाच्या डाव्या पंखाला लाल आणि उजव्या पंखाला हिरवा दिवा, हा जगभरचा नियम. रात्री लाल दिवा आपल्या उजवीकडे आणि हिरवा डावीकडे दिसला तर विमान आपल्याकडे तोंड करून आहे. ड्रोनमध्ये मात्र ज्याचे त्याचे रंग : कुणाचे पुढे लाल, मागे हिरवे, तर कुणाचे आणखी वेगळेच. आपल्या ड्रोनचे दिवे उडवण्याआधी बघून ठेवावेत. भर दुपारी ते दिसतील ही अपेक्षा नको.

२५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नॅनो गटात मोडतो आणि तो चालवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. म्हणजे शिकवणारं कुणी नसतानाच बहुतेकजण सुरुवात करतात. जागा सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात, आहे ना, हे बघून घ्यावं आणि पहिले काही दिवस ड्रोन १०-१५ मीटरच्या पुढे नेऊ नये.

सराव शेपटीकडून सुरू करावा. नाक पलीकडे ठेवून एका जागी स्थिर उभा करणं जमलं की ४५ अंश वळवून तसाच उभा ठेवावा. सुरुवातीला आपणही अंगानं तिकडेच वळावं आणि ड्रोनकडे खांद्यावरून बघावं. मग समोरून डावीकडून उजवीकडे आणि परत अशा येरझाऱ्या घालाव्यात, मात्र दोन्ही टोकांना वळण पलीकडच्या बाजूनं घ्यावं. यात आडवा ड्रोन आणि शेपटी एवढंच बघायला मिळतं, नाक कधीच पूर्ण आपल्याकडे येत नाही. हे अंगवळणी पडलं की एका टोकाचं वळण अलीकडच्या बाजूनं घ्यायला लागावं. आता नाक आपल्याकडे येतं, पण सेकंदभरच, आणि तेही आपण वळवल्यामुळे आलंय हे आधीच ठाऊक असतं. वळण संपलं की ड्रोन पुन्हा आडवा. मग दुसऱ्या टोकालाही तसंच, आणि त्यानंतर वळण अर्ध्यावर थांबवून नाक आपल्याकडे ठेवून उभं करणं.