पूर्वज क्युबेकचे असतील तर कॅनडाचं नागरिकत्व प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रं आणि आडनावांचा घोळ

अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत सून किंवा जावई न्यू इंग्लंडकडचा (अमेरिकेच्या ईशान्येकडची राज्यं) असतो आणि त्याची आजी-पणजी फ्रेंच बोलायची असं ऐकिवात असतं. 1840 ते 1930 च्या दरम्यान क्युबेकमधून, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातून, सुमारे 9 लाख लोक तिकडे गेले, लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेटच्या कापड गिरण्यांत कामाला. त्यांच्या वंशजांसाठी आता नियम बदललाय.

2009 पासून परदेशात जन्मलेल्या फक्त पहिल्या पिढीलाच वंशाने नागरिकत्व मिळायचं. 15 डिसेंबर 2025 ला बिल सी-3 हा कॅनडाचा नागरिकत्व दुरुस्ती कायदा लागू झाला आणि त्या तारखेआधी जन्मलेल्यांसाठी ही अट गेली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं वेगळं आहे, त्याचे कॅनडियन आई किंवा वडील स्वतः परदेशात जन्मलेले असतील तर त्यांनी मुलाच्या जन्माआधी कॅनडात एकूण 1,095 दिवस काढलेले असावे लागतात. आणि हो, हे फक्त रक्ताच्या किंवा दत्तक नात्यातून, लग्न केलं म्हणून नवऱ्याला-बायकोला यातून काही मिळत नाही.

नागरिकत्व प्रमाणपत्रासाठी फॉर्म सीआयटी 0001, फी 75 कॅनडियन डॉलर. सोबत फोटो, ओळखपत्रं आणि पूर्वजापासून तुमच्यापर्यंत प्रत्येक पिढीचा आई-वडिलांची नावं असलेला जन्मदाखला, नाव बदललं असेल तिथे लग्नाचा दाखला. इंग्रजी-फ्रेंच सोडून दुसऱ्या भाषेतला कागद असेल, समजा फक्त मराठीतला लग्नाचा दाखला, तर भाषांतर जोडायचं. म्हणजे क्युबेकच्या फ्रेंच कागदांना भाषांतर लागत नाही, तेवढा खर्च वाचला.

क्युबेकमध्ये 1994 च्या आधी जन्म-लग्नाची नोंद बहुतेक चर्चच्या रजिस्टरमध्ये व्हायची आणि तीच सरकारी धरली जायची. पण घरात जपून ठेवलेला चर्चचा जुना बाप्तिस्मा दाखला आता चालत नाही. साधारण 100 वर्षांच्या आतली नोंद असेल तर दिरेक्त्योर द लेता सिव्हिल या क्युबेकच्या जन्म-लग्न नोंदणी ऑफिसकडून दाखला घ्यायचा, त्याहून जुनी असेल तर प्रांताच्या अर्काइव्हमधून, म्हणजे बीएएनक्यूमधून, प्रमाणित प्रत मागवायची. नोंद शोधायला फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर कॅथलिक रजिस्टरं फुकट बघता येतात.

फॉर्म तासाभरात भरून होतो, खरी डोकेदुखी नावांची. मुलाच्या बाप्तिस्म्यात बहुतेक वेळा पहिलं नाव जोसेफ, मुलीचं मारी, मग बऱ्याचदा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं नाव, आणि रोज हाक मारायचं ते शेवटी, त्यामुळे घरातले सगळे भाऊ जोसेफ दिसले तर घाबरू नका. दुसरी भानगड 'दी' नावांची (फ्रेंच dit, म्हणजे 'उर्फ'). 1665 ला फ्रान्सची कारिन्याँ-सालिएर रेजिमेंट तिकडे आली, त्यातल्या सैनिकांना लाफ्लर, सान्सूसी अशी टोपणनावं असायची, शिवाय घराण्यांच्या फांद्या वेगळ्या ओळखायला गावावरून, शेतावरून नावं पडली, म्हणून 'हुदाँ दी बोल्यू' असं दुहेरी आडनाव. पुढे एक भाऊ हुदाँ राहिला, दुसरा बोल्यू झाला. आपल्याकडे भट घराण्याचे पेशवे झाले तसंच काहीसं. त्यात अमेरिकेत गेल्यावर आडनावांचं इंग्रजी भाषांतर होऊन रॉयचा किंग झाला, बुआव्हेरचा ग्रीनवुड, लब्लांचा व्हाइट.

यावर उतारा म्हणजे लग्नाची नोंद. तिच्यात साधारणपणे नवरा-नवरी दोघांच्या आई-वडिलांची नावं असतात, आणि बायकांचं माहेरचं आडनाव चर्चच्या कागदांत जन्मभर टिकतं (1981 पासून तर क्युबेकच्या कायद्यानेच लग्नानंतरही जन्माचंच नाव वापरावं लागतं). म्हणून आजोबा सापडत नसले तर आजीच्या माहेरच्या आडनावाने शोधा, ते सहसा कमी बदललेलं असतं.

अर्जात प्रत्येक नावबदलासाठी एक साधं पत्र जोडा: कुठल्या कागदावर काय नाव आहे, तोच माणूस कशावरून (आई-वडील तेच, जन्मतारीख तीच, बायको तीच). जिथे रॉयचा किंग होतो तिथला अमेरिकेतला लग्न किंवा मृत्यूचा दाखला त्यात आई-वडिलांच्या नावांसकट हवाच, तो नसेल तर आधी तो मागवा, अर्ज नंतर पाठवा.