डिश, घरगुती : स्वहस्ते उभारणी (नागपूर)

उपग्रहावरून थेट येणारे दूरचित्रवाणी संकेत घेण्यासाठी घरमालकाने स्वतःच्या गच्चीवर डिश (बोलीत ‘छत्री’) बसवण्याची पद्धत. सशुल्क डीटीएच सेवांची जोडणी सहसा कंपनीचा माणूसच करून जातो. त्यामुळे नागपुरात ही पद्धत मुख्यतः दूरदर्शनच्या, मासिक भाडे नसलेल्या डीडी फ्री डिशसाठी वापरली जाते. डिश, एलएनबी (डिशने एकवटलेले संकेत पकडणारा भाग), आरजी-६ केबल आणि सेट टॉप बॉक्स हे साहित्य बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारात सुटे मिळते.

उगम : घरगुती डिशचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकवाक्यता नाही. १९७५-७६ मध्ये एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाद्वारे ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग भारतात झाला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट ग्रहणसंच बसले. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता. हे संच सार्वजनिक असल्याने त्यांना ‘घरगुती’ म्हणणे कठीण. याच काळात इस्रोच्या अभियंत्यांनी विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांच्या कोलंबोतील घरी डिश उभारून दिली. काही लेखक तिला पहिली घरगुती डिश मानतात. अमेरिकी लेखनात हा मान बहुधा कॅलिफोर्नियातील प्राध्यापक टेलर हॉवर्ड यांना (१९७६) दिला जातो. तथापि इंग्लंडमधील शेफील्ड येथे स्टीव्ह बर्किल यांनी १९७५ च्या सुमारास घरी बनवलेल्या डिशवर ‘साइट’चेच भारतीय कार्यक्रम पकडले होते. स्वहस्ते उभारणी हा निकष धरल्यास बर्किल यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो.

भारतात केयू-पट्ट्यातील (घरगुती डिशवर येणाऱ्या संकेतांचा लहरीपट्टा) ग्रहणावर जुलै १९९७ मध्ये बंदी आली. ती जानेवारी २००१ मध्ये उठली आणि मार्च २००१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे निघाली. दूरदर्शनची विनामूल्य सेवा (आजची डीडी फ्री डिश) डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ९५° पूर्व रेखांशावरील एनएसएस-६ उपग्रहावर सुरू झाली. पुढे ती ९३.५° पूर्व येथील इन्सॅट-४बी वर गेली. सध्या ती तेथीलच जीसॅट-१५ (प्रक्षेपण नोव्हेंबर २०१५) वरून मिळते. जुन्या माहितीपत्रकांत ९५° हा आकडा दिसतो तो यामुळे.

दिशा व कोन : नागपूर (सु. २१.१५° उ., ७९.१° पू.) येथून जीसॅट-१५ आग्नेयेस, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सु. १४४.५° वर आणि क्षितिजापासून सु. ६०° उंचीवर येतो. होकायंत्राची उत्तर व खरी उत्तर यांतील फरक येथे एका अंशाहून कमी असल्याने दुर्लक्षिला तरी चालतो. स्लॅबमधील सळ्या व लोखंडी स्टँड मात्र मोबाइलच्या होकायंत्राला सहज फसवतात. नवख्याची खरी अडचण उंचीची. प्रचलित डिश ऑफसेट घडणीची असते, म्हणजे एलएनबी मध्यभागी नसून खालच्या दांडीवर असतो. त्यामुळे संकेत ६०° वरून येत असले तरी तबकडी मात्र साधारण ३५° वरच तोंड करून असल्यासारखी दिसते. डोळ्यांवर विसंबून तिला आणखी वर उचलले की संकेत जातो.

दुसरी अडचण शेजारच्या उपग्रहाची. ९५° वरील डिश टीव्हीचा उपग्रह नागपूरहून दिशेने जेमतेम तीन अंश पूर्वेला आहे आणि डिश ज्यावर बसते त्या दीड इंची नळीच्या परिघावर तीन अंश म्हणजे सुमारे एक मिलिमीटर. बॉक्सवर ‘स्ट्रेंग्थ’ (संकेताचा जोर) भरपूर पण ‘क्वालिटी’ (त्याची शुद्धता) शून्य दिसल्यास बहुधा हाच घोटाळा असतो. अशा वेळी नट किंचित सैल करून तबकडी केसभर पश्चिमेकडे सरकवावी व बॉक्सला आकडा बदलायला काही सेकंद द्यावेत. एलएनबीचा पीळ (स्वतःभोवती फिरवण्याचा कोन) सैद्धांतिकदृष्ट्या सु. ३३° येतो, प्रत्यक्षात क्वालिटी पाहतच तो ठरवतात.

आग्नेयेस पाण्याची टाकी, शेजारची इमारत वा झाड आहे का, हे सूर्यावरून तपासता येते. मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी सकाळी अकराच्या आसपास सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी गच्चीच्या ज्या भागावर ऊन पडते तो भाग डिशला योग्य. सूर्याच्या रेडिओ-गोंगाटाने याच दिवसांत चित्र काही मिनिटे गोठते. तो बिघाड नव्हे.

देखभाल : जोरदार पावसात केयू-पट्ट्याचे संकेत क्षीण होतात, त्याला इलाज नाही. मे महिन्यातील उन्हाने (२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९° से. नोंद) केबलचे आवरण कडक होऊन तडकते, आणि पहिल्या पावसात पाणी एफ-कनेक्टरपर्यंत (केबलच्या टोकाचा जोड) उतरते. म्हणून एलएनबीखाली केबलला एक लोंबता फास ठेवतात व जोडावर रबरी टेप गुंडाळतात. संक्रांतीच्या पतंगबाजीनंतर मांजा दांडीत अडकलेला आढळतो. तो ओढून न काढता कापावा, कारण ओढताना एलएनबी फिरतो.