दुधात औषध उतरतं, पण किती?

गेल्या महिन्यात भाचीला बघायला गेले तेव्हा ती बेसिनपाशी उभी राहून वाटीत दूध पिळत होती आणि ओतून देत होती. सिझेरियनचा चौथा दिवस. शेवटच्या महिन्यात रक्तदाब चढला होता, लघवीतून प्रथिनं जायला लागली होती, आणि बाळंतपण होऊनही दाब खाली यायला तयार नव्हता. म्हणून एनालॅप्रिल सुरू केलेलं. खोक्यातल्या चिठ्ठीत बारीक अक्षरांत ‘स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये’ अशा अर्थाचं वाक्य होतं. तिच्या सासूबाईंनी ते वाचून घेतलं आणि पावडरचा डबा मागवला. मला खरी धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पट्टीत सकाळची गोळी तशीच होती. बाळाला एकदा तरी पाजता यावं म्हणून तिने ती घेतलीच नव्हती.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात रक्तदाब सर्वांत वर जाऊ शकतो. झटके येणं, मेंदूत रक्तस्राव होणं हे धोके बाळ बाहेर आल्यावर लगेच संपत नाहीत. गोळी आधी घ्यायला लावली, मग बोलायला बसलो.

“मावशी, मी खाते ते सगळं दुधात उतरतंच ना?”

थोडंफार बहुतेक सगळंच उतरतं. पण ‘उतरतं का’ हा प्रश्नच अर्धा आहे.

दूध तयार होतं ते स्तनातल्या, द्राक्षाच्या घडासारख्या लगडलेल्या, सूक्ष्म पिशव्यांत. पिशवीच्या आत दूध, बाहेर रक्तवाहिन्या, मध्ये पेशींचा पातळ थर. औषधाला हा थर ओलांडावा लागतो. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या हेपॅरिनचा रेणू इतका अवाढव्य असतो की तो अलीकडेच अडतो. पायात गुठळी होऊ नये म्हणून सिझेरियननंतर ज्या इंजेक्शनांची भीती वाटते, ती याच कुळातली. चुकून थोडं गेलंच, तर बाळाच्या पोटातून ते रक्तापर्यंत पोचत नाही. वॉरफॅरिन हेही गुठळीवरचंच औषध, पण त्याची गोष्ट निराळी. रेणू लहान, पण 99 टक्के रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला. सुटा असेल तोच पलीकडे जाणार.

आता माझा आवडता भाग. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) 7.4, आईच्या दुधाचा साधारण 7.1. फरक नगण्य वाटतो, पण सामूची मोजपट्टी दहाच्या पटींची असते, त्यामुळे 0.3 च्या फरकाने दुधात हायड्रोजन आयन दुप्पट होतात. बरीच औषधं सौम्य आम्लारी असतात. त्यांचा प्रभाररहित रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज जातो. दुधात आला की तो हायड्रोजन आयन पकडतो, प्रभारित होतो, आणि मग त्याला परतीची वाट सापडत नाही. अभिमन्यूच म्हणा. आकड्यांत बघू. पीकेए (ज्या सामूला औषधाचे निम्मे रेणू प्रभारित असतात तो आकडा) 9 असलेलं औषध घ्या. दोन्ही बाजूंना प्रभाररहित रेणू सारखेच, समजा एकेक. त्या एकामागे रक्तात प्रभारित सुमारे 40, दुधात सुमारे 80. म्हणजे दुधातली संहती रक्ताच्या दुप्पट! (इथे भाचीने जांभई दिली. तुम्हीही दिली असेल तर पुढच्या परिच्छेदावर या.) याच कारणाने एकाच घराण्यातली औषधं वेगळी वागतात. अ‍ॅटेनोलॉल आम्लारी, प्रथिनांना जेमतेम चिकटणारं, म्हणून दुधात साठतं. शिवाय ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, आणि नवजात बाळाची मूत्रपिंडं अजून कच्ची असतात. प्रोप्रॅनोलॉलही आम्लारीच, पण जवळजवळ 90 टक्के प्रथिनांना बांधलेलं, म्हणून दुधात कमी. ‘दाबाची गोळी’ असं सरसकट बोलण्यात म्हणूनच अर्थ नाही.

पण दुप्पट म्हटलं की घाबरायचं कारण नाही, कारण दुप्पट कशाच्या, ते बघावं लागतं. समजा 60 किलोची आई दिवसाला 600 मिलिग्रॅम औषध घेते, म्हणजे किलोमागे 10. दुधात लिटरला 1 मिलिग्रॅम सापडलं. तीन किलोचं बाळ दिवसाला साधारण 450 मिलिलिटर पितं. त्याच्या पोटात 0.45 मिलिग्रॅम गेलं, म्हणजे किलोमागे 0.15. आईच्या मात्रेच्या दीड टक्का. ढोबळ नियम असा, की हा आकडा दहा टक्क्यांच्या आत असेल तर औषध बहुधा चालतं. एनालॅप्रिल त्याच्या कितीतरी खाली असतं. गरोदरपणात ते वर्ज्य, कारण गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा होते. पण ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शिका बाळंतपणानंतर तेच सुचवते. वार आणि दूध या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे चिठ्ठी छापणाऱ्यांच्या गावीच नसतं.

आणि ते पिळून ओतणं! अभिमन्यूची उपमा इथे सोडावी लागते. दुधातले थोडे रेणू सदैव प्रभाररहित असतात. रक्तातलं औषध ओसरलं की तेही मागे फिरतात. त्यामुळे दूध काढून टाकल्याने शरीर लवकर ‘स्वच्छ’ होत नाही, वेळ गेल्यावरच होतं. पहिल्या दिवसांत पेशींमध्ये फटी असल्याने औषध जरा जास्त झिरपतं हे खरं, पण पहिल्या दिवशीचा चीक असतो सगळा मिळून काही चमचे.

त्याच घरात ओट्यावर बाळंतकाढ्याची बाटली होती. तिच्यावर घटकांचं नाव नाही, पण तिच्याबद्दल कुणाला शंका नव्हती. काही भस्मांत शिसं आणि पारा सापडलेला आहे. ‘नैसर्गिक’ असलं म्हणून स्तनातली पेशी त्याला वेगळं दार उघडत नाही.

सगळंच चालतं असं मात्र नाही. कर्करोगाची औषधं, किरणोत्सारी आयोडीन यांच्या वेळी पाजणं थांबवावंच लागतं. कोडीन या वेदनाशामकाचं यकृतात मॉर्फिन होतं, आणि काही स्त्रियांत ते फार झपाट्याने होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये पाजणाऱ्या आयांसाठी कोडीन आणि ट्रॅमाडॉल या दोन्हींविरुद्ध इशारा दिला. टाके दुखत असतील तर पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन सहसा पुरतात. रक्तदाब असेल तर आयब्युप्रोफेन आधी डॉक्टरांना विचारून. बाळ मुदतीआधीचं असेल तर हिशोब आणखी सावधपणे करावा लागतो, म्हणून औषध लिहून घेताना बाळ किती आठवड्यांचं हे आपणहून सांगावं. बाळ एरवीपेक्षा सुस्त वाटलं, दूध ओढेनासं झालं, तर लगेच दाखवावं.

पाजून झाल्यावर लगेच गोळी घ्यावी, म्हणजे पुढच्या पाजण्याआधी रक्तातली भरती ओसरते, असंही सांगतात. तत्त्व बरोबर आहे. पण दर दोन तासांनी टाहो फोडणाऱ्या चार दिवसांच्या बाळापुढे ते वेळापत्रक टिकत नाही, आणि एनालॅप्रिलला त्याची गरजही नव्हती. डॉक्टरांनी फोनवर तेच सांगितलं. भाचीने वाटी विसळून ठेवली आणि बाळाला मांडीवर घेतलं.